सही होण्याआधी : हवामानाच्या प्रश्नात मानवी हक्क आणि गुंतवणुकीचा कायदा कसा वापरायचा

सोलापूर जिल्ह्यात हवामानाचा तडाखा दोन्ही बाजूंनी बसतो. मंगळवेढा-सांगोल्याकडे टँकरची वाट पाहायची, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेच्या पुरात माढा-मोहोळची उभी पिकं गेलेली पाहायची. एप्रिल-मेमध्ये शहरात पारा ४३-४४ अंशांवर. उपाय म्हणून येणारा पैसाही याच मातीत उतरतो. माळावर सौर पॅनेल आणि पवनचक्क्या, कारखान्यांत इथेनॉल. फताटेवाडीला कोळशावरचा १३२० मेगावॅटचा प्रकल्प आधीपासून आहेच.

या प्रत्येक ठिकाणी दोन कायदे काम करतात. गुंतवणूकदाराचा हक्क करारात आकड्यांनिशी लिहिलेला असतो : दर किती, मुदत किती, नुकसानभरपाई किती. गावाचा हक्क संविधानात असतो, पण त्या करारात त्याचा एक शब्दही नसतो. पुढे वाद झाला की आकडे असलेला कागद जड जातो. म्हणून या मार्गदर्शकातला सगळा जोर सही होण्याआधीच्या कामावर आहे. नंतरची दारंही सांगितली आहेत, पण ती अरुंद आहेत.

पहिलं काम : हक्क नेमका कुठला, ते लिहून काढा

२१ मार्च २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एम. के. रणजितसिंह खटल्यात सांगितलं, की हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहण्याचा हक्क संविधानाच्या अनुच्छेद १४ आणि २१ मध्ये आहे. खटला माळढोकाचा होता, म्हणजे सोलापूरकरांना परका नाही. नान्नजचं अभयारण्य त्याच पक्ष्यासाठी १९७९ मध्ये झालं. पण हा निकाल वापरताना इथेच घसरायला होतं. वीजतारा जमिनीखालून न्यायचा वाद राजस्थान आणि गुजरातमधल्या क्षेत्रांचा होता, आणि २०२१ चा तो सरसकट आदेश न्यायालयाने २०२४ मध्ये मागे घेतला. नान्नजजवळच्या तारांविरुद्ध हा निकाल थेट हत्यार म्हणून चालणार नाही. त्यातून घ्यायचं ते हक्काचं तत्त्व आणि समतोलाची रीत : स्वच्छ ऊर्जा हवी, आणि ती कुणाच्या तरी जिवावर उठणारी नको.

दुसरा धडा रिधिमा पांडे या उत्तराखंडच्या लहान मुलीने केलेल्या अर्जाचा. सरकारने हवामानासाठी अधिक करावं, अशी व्यापक मागणी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने जानेवारी २०१९ मध्ये फेटाळली. ‘हवामान वाचवा’ अशी मागणी कागदावर फार उदात्त दिसते आणि पहिल्याच तारखेला निकाली निघते. मागणी कशी हवी, तर : अमुक प्रकल्पाच्या मंजुरीतली पाण्याची अट पाळली जात नाही, पाळायला लावा. किंवा : महापालिकेच्या उष्णता कृती आराखड्यात यंत्रमागाच्या शेड आणि घरी विडी वळणाऱ्या बाया धरलेल्या नाहीत, त्या धरा.

पुरावाही तितकाच नेमका ठेवा. शेडमधला उकाडा सांगायचा असेल, तर एक साधा तापमापक आणि दमटपणा दाखवणारं यंत्र पत्र्यापासून लांब, माणसाच्या छातीच्या उंचीवर टांगा. सकाळी ९, दुपारी ३ आणि संध्याकाळी ६ ला नोंद करा, सलग किमान २१ दिवस. शेजारच्या रकान्यात हवामान खात्याच्या सोलापूर केंद्राचा त्या दिवशीचा आकडा लिहा. आतला आणि बाहेरचा फरक हाच तुमचा मुद्दा. सूत कमी तुटावं म्हणून ओलावा ठेवतात तिथे नुसतं तापमान फसवं असतं, म्हणून दमटपणाचा रकाना सोडू नका. चक्कर येऊन कुणी दवाखान्यात गेलं, तर केसपेपरची प्रत आणि बुडालेल्या मजुरीचा आकडा त्याच वहीत.

आंतरराष्ट्रीय बाजूला नुकतीच मोठी भर पडली आहे. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २३ जुलै २०२५ च्या सल्लागार मतात हवामानाबाबत देशांवर कायदेशीर जबाबदाऱ्या असल्याचं सांगितलं. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २८ जुलै २०२२ च्या ठरावात निरोगी पर्यावरण हा मानवी हक्क मानला. भारताने त्याच्या बाजूने मत दिलं. अर्जात यांना दोन ओळी पुरेत. तीन पानं दिलीत तर स्थानिक मुद्दा त्याखाली गाडला जातो.

दुसरं काम : कागद मिळवा

माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांत होतो आणि ३० दिवसांत उत्तर यायला हवं. महाराष्ट्राच्या नियमांत मर्यादा १५० शब्दांची आणि एका अर्जात एकच विषय. केंद्र सरकारच्या कार्यालयांसाठी ५०० शब्द. अनेक अर्ज इथेच परत येतात, कारण लोक अर्जात गाऱ्हाणं लिहितात. गाऱ्हाणं नको, कागदांची नावं हवीत. प्रदूषण नियंत्रण मंडळाकडच्या अर्जाचा मजकूर असा ठेवता येईल :

‘विषय : मौजे ___, ता. ___ येथील ___ या प्रकल्पास दिलेली संमती. कालावधी : १ एप्रिल २०२३ ते अर्जाचा दिनांक. १) जल व हवा प्रदूषण कायद्यांखालील संमतीपत्राची सर्व अटींसह प्रत. २) या काळातील प्रत्येक पाहणी अहवालाची प्रत. ३) बजावलेल्या नोटिसा व त्यांना आलेल्या उत्तरांच्या प्रती. व्यापारी गुपिताचं कारण लागू होत असल्यास कलम ८(२) प्रमाणे लोकहिताचा विचार करून माहिती द्यावी.’

शेवटचं वाक्य आधीच टाकलं, की पुढे अपिलात मुद्दा तयार असतो. पहिलं अपील ३० दिवसांत, २० रुपयांचं तिकीट लावून. खासगी कंपनीला माहिती अधिकार लागत नाही. तिचा वीजखरेदी करार महावितरणकडे मागा, आणि दराचे आदेश महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाच्या संकेतस्थळावर पाहा.

तिसरं काम : जनसुनावणीत बोललेलं कागदावर आणा

१४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे मोठ्या कोळसा प्रकल्पांना, ठरावीक क्षमतेवरच्या साखर कारखान्यांना आणि आसवनींना (मद्यार्क, इथेनॉल बनवणाऱ्या कारखान्यांना) पर्यावरण मंजुरी लागते, आणि त्यांतल्या अनेकांना जनसुनावणी. पॅनेलच्या सौर प्रकल्पांना ही मंजुरी लागत नाही, त्यामुळे तिथे सुनावणीच नसते. सौर प्रकल्पाबाबत गावाकडे ग्रामसभा आणि भाडेपट्टा एवढ्याच दोन जागा उरतात, हे सुरुवातीलाच ओळखा.

सुनावणीची नोटीस किमान ३० दिवस आधी हवी, एका राष्ट्रीय आणि एका स्थानिक भाषेतल्या दैनिकात. प्रकल्पाच्या पर्यावरणावरील परिणामांचा मसुदा अहवाल जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद आणि जिल्हा उद्योग केंद्रात पाहायला ठेवलेला असतो. पहिल्या आठवड्यातच जा. अहवाल उघडला की तीन जागा पाहा. पाण्याचा स्रोत आणि रोजचं घनमीटर. पायाभूत नोंदी, म्हणजे प्रकल्पाआधीची हवा-पाण्याची मोजमापं, कोणत्या महिन्यांतल्या (हिवाळ्यातल्या नोंदींवर मे महिन्याचा उन्हाळा कळत नाही). आणि दहा किलोमीटरच्या परिघात कोणती गावं, ओढे, अभयारण्य दाखवली आहेत. नकाशातून ओढा गायब असणं ही नेहमीची चूक आहे. सातबारा आणि गावनकाशा घेऊन तो तिथेच दाखवून द्या.

सुनावणीच्या दिवशी हरकत लेखी द्या आणि पोच घ्या. तोंडी बोलताना नाव, गट क्रमांक, एक मुद्दा आणि एक मागणी, बस. चित्रीकरण होणं बंधनकारक आहे. शेवटी इतिवृत्ताचा सारांश उपस्थितांना स्थानिक भाषेत वाचून दाखवावा लागतो आणि त्याच दिवशी त्यावर जिल्हाधिकारी किंवा त्यांच्या प्रतिनिधीची सही होते. नेमकं तेव्हा मंडपात कुणी नसतं. जेवणं होऊन माणसं पांगलेली असतात. पाच जणांनी वाचन संपेपर्यंत थांबायचं, आणि आपला मुद्दा आला नाही तर तिथल्या तिथे लेखी हरकत द्यायची. हे इतिवृत्त पुढे एका अनपेक्षित जागी उपयोगी पडतं; त्याबद्दल पाचव्या कामात.

चौथं काम : भाडेपट्टा ओळीओळीने वाचा

गुंतवणुकीचा कायदा गावात येतो तो याच कागदाच्या रूपाने. आधी साधं ‘संमतीपत्र’ येतं, सोबत मुखत्यारपत्र. भाडं मात्र प्रकल्प सुरू झाल्यावर. म्हणजे जमीन अडकते, पैसा सुरू होत नाही. संमतीपत्राला मुदत घाला, सहा किंवा नऊ महिने, आणि मुखत्यारपत्र फक्त नावं लिहिलेल्या परवानग्यांपुरतं द्या.

भाड्याचं गणित करून पाहा. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मध्ये खासगी जमिनीला किमान दर हेक्टरी वर्षाला १ लाख २५ हजार आणि दरवर्षी ३ टक्के वाढ असा आहे. दोन हेक्टरला पहिल्या वर्षी अडीच लाख. तीन टक्क्यांच्या वाढीने २५ वर्षांत सुमारे ९१ लाख १५ हजार होतात. वाढ नसेल तर साडेबासष्ट लाख. एका ओळीत साडेअठ्ठावीस लाखांच्या वर फरक. योजनेबाहेरची कंपनी आली तरी हा दर समोर ठेवून बोला.

मग पुढची कलमं. कंपनी प्रकल्पासाठी बँकेकडून कर्ज काढते आणि तारण म्हणून भाडेपट्ट्याचा हक्क देते, ते चालतं. जमीन स्वतः तारण जाता कामा नये, हे वेगळ्या वाक्यात लिहून घ्या. शेतकऱ्याला २५ वर्षं मध्येच बाहेर पडता येत नाही, कारण बँकेचा पैसा त्याच मुदतीवर बसलेला असतो. ते कलम काढून टाका म्हटल्याने कुणी काढत नाही. त्याऐवजी असं मागा : भाडं तीन महिने थकलं तर व्याज, आणि बँकेला ६० दिवसांची नोटीस देऊन करार संपवण्याचा हक्क. बँकेलाच नोटीस गेली की थकलेलं भाडं पटकन निघतं.

पाणी : पॅनेल धुवायला पाणी कुठून आणणार, किती, आणि टंचाईच्या महिन्यांत काय? नवी बोअर नाही, एवढं तरी लिहून हवं. उतार : माळावर बांध काढून सपाटीकरण केलं की पावसाचं पाणी खालच्या गटात घुसतं. ओढ्याची वाट नकाशासह जोडा, आणि खालच्या शेतकऱ्याच्या नुकसानीची जबाबदारी कंपनीवर ठेवा. मुदत संपल्यावर : पॅनेल, लोखंड, काँक्रीटचे पाये कोण काढणार? ई-कचरा नियम, २०२२ मध्ये सौर पॅनेलही येतात, पण ती जबाबदारी उत्पादकाची. तुमच्या शेतातला पाया त्यात येत नाही. पंधराव्या वर्षापासून दरवर्षी ठरावीक रक्कम वेगळ्या खात्यात, ही मागणी करा. वाद झाला तर लवादाची जागा दिल्ली किंवा गुरुग्राम छापलेली असते. ती सोलापूर करा. मराठी आणि इंग्रजी मजकुरात फरक निघाल्यास मराठी ग्राह्य, हे कलम घाला.

सगळ्यात दुखणारी जागा सातबाऱ्यावर दिसतच नाही. त्या माळावर धनगरांची मेंढरं चरतात, कुणी वाट्याने जमीन कसतं, बहिणींचा हिस्सा फेरफारात लागलेला नसतो. कागदावर ‘पोटखराब’ (लागवडीला अयोग्य) असलेली जमीन कुणाची तरी चराई असते. मानवी हक्कांच्या भाषेत हेच ‘बाधित’. ग्रामसभेच्या ठरावात त्यांची नावं, कळपांची संख्या आणि पाणंद रस्ते लिहा, आणि ठरावाची प्रत पट्ट्याला जोडा. गायरान द्यायचं असेल तर आणखी सावध राहा. सामायिक जमिनींबाबत सर्वोच्च न्यायालयाचा २०११ चा जगपालसिंह निकाल कडक आहे. एक वर्षावरचा भाडेपट्टा दुय्यम निबंधकाकडे नोंदलेला हवाच. नोटरीच्या कागदावर २५ वर्षं देऊ नका.

पाचवं काम : ‘कंपनी लवादात जाईल’ याला उत्तर तयार ठेवा

नवा नियम मागितला की हे वाक्य ऐकू येतं. म्हणजे देशादेशांमधल्या गुंतवणूक संरक्षण कराराच्या आधारे परदेशी कंपनी आपल्या सरकारला आंतरराष्ट्रीय लवादापुढे खेचून भरपाई मागेल. भीती अगदी खोटी नाही. कोळसा २०३० पर्यंत बंद करण्याच्या कायद्यामुळे जर्मन कंपनी आरडब्ल्यूईने २०२१ मध्ये नेदरलँड्सवर १४० कोटी युरोंचा दावा लावला, तो २०२३ मध्ये मागे घेतला. समुद्रातल्या तेलउत्खननावरच्या बंदीमुळे इटलीला रॉकहॉपर प्रकरणात २०२२ मध्ये सुमारे १९ कोटी युरोंची भरपाई लागली; तो निवाडा २०२५ मध्ये रद्द झाला. दावे टिकोत न टिकोत, नियम करतानाच सरकारचा हात आखडतो.

भारताची गोष्ट निराळी आहे. व्हाइट इंडस्ट्रीज या ऑस्ट्रेलियन कोळसा कंपनीने २०११ मध्ये भारताविरुद्ध निवाडा मिळवला, त्यानंतर सरकारने डिसेंबर २०१५ मध्ये अशा गुंतवणूक करारांसाठी नवा नमुना करार मंजूर केला आणि बहुतेक जुने करार संपवले. म्हणून उत्तर देताना तीन प्रश्न क्रमाने विचारा.

गुंतवणूकदार कुठल्या देशाचा, आणि त्या देशाशी करार चालू आहे का? संपलेल्या करारातही आधीच्या गुंतवणुकीला दहा-पंधरा वर्षं संरक्षण देणारं कलम असतं, ते तपासा. संयुक्त अरब अमिरातीशी झालेला करार ३१ ऑगस्ट २०२४ पासून लागू आहे. त्यात आधी तीन वर्षं भारतीय न्यायालयांत दाद मागावी लागते, नमुना करारात पाच.

करारात सार्वजनिक हितासाठी मोकळीक आहे का? नमुना कराराचं कलम ५.५ सांगतं, की आरोग्य, सुरक्षितता, पर्यावरण यांसाठी केलेले भेदभाव नसलेले नियम म्हणजे मालमत्ता हिरावणं नव्हे. नमुना स्वतः बंधनकारक नाही, प्रत्यक्ष कराराचा मजकूर बघावा लागतो.

तिसरा प्रश्न सगळ्यात कामाचा : नियमामागे नोंद आहे का? सरकारं हरतात ती बहुतेकदा अचानक, कारण न देता, एकालाच टिपून केलेल्या कारवाईमुळे, किंवा लेखी दिलेला शब्द फिरवल्यामुळे. उरुग्वेने तंबाखूच्या पाकिटांवर नियम केले. फिलिप मॉरिसने दावा लावला, पण २०१६ मध्ये सरकार जिंकलं, कारण आरोग्याचा पुरावा भक्कम होता. तुमची तापमानाची वही, सहीचं इतिवृत्त, ग्रामसभेचा ठराव हीच ती नोंद. म्हणजे हक्कांसाठी जमवलेले कागद सरकारचा लवादातला बचाव होतात. निवेदनात हे अधिकाऱ्याला सरळ सांगा : हा पुरावा फाइलवर घ्या, उद्या तुम्हालाच लागेल.

उलट बाजूही ध्यानात असू द्या. स्पेनने सौर विजेचे ठरलेले दर कापले आणि त्याच्यावर पन्नासहून जास्त दावे आले. आंध्र प्रदेश सरकारने २०१९ मध्ये सौर आणि पवन वीज करारांचे दर पुन्हा ठरवायला घेतले; मार्च २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने करारातले दर पाळायला सांगितले. स्वच्छ ऊर्जेच्या गुंतवणुकीला दिलेला शब्द पाळणं हाही हवामानाचाच भाग आहे. गावाने सही होण्याआधी सगळ्या अटी मागाव्यात, सहीनंतर दर वर्षी नव्या नाही.

सहावं काम : पैसा कुणाचा, ते शोधा

कर्ज आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळाचं (आयएफसी, जागतिक बँक समूहातली संस्था) असेल, तर त्याच्या लोकपाल कार्यालयाकडे तक्रार कुठल्याही भाषेत, म्हणजे मराठीतही जाते, आणि नाव गुप्त ठेवता येतं. गुजरातमधल्या मुंद्र्याच्या कोळसा प्रकल्पाला महामंडळाने ४५ कोटी डॉलर दिले होते. मच्छीमारांनी २०११ मध्ये तक्रार केली आणि २०१३ च्या तपासणीत महामंडळाच्या चुका नोंदल्या गेल्या. पुढे अमेरिकेतल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये महामंडळाला संपूर्ण संरक्षण नाही असं ठरवलं, तरी प्रत्यक्ष दावा नंतर फेटाळला गेला. तक्रारीने चुका नोंदवल्या जातात, नुकसानभरपाईची खात्री नाही.

मूळ कंपनी युरोप, जपान किंवा अमेरिकेची असेल तर तिच्या देशातल्या ओईसीडी (मुख्यतः श्रीमंत देशांची आर्थिक संघटना) संपर्क केंद्राकडे तक्रार करता येते, भारत त्या व्यवस्थेत नसला तरी. ओडिशातल्या पोस्को पोलाद प्रकल्पाच्या प्रकरणात नॉर्वेच्या केंद्राने २०१३ मध्ये थेट तिथल्या पेन्शन निधीच्या व्यवस्थापकावर ठपका ठेवला. त्याची तर तिथे फक्त अल्प गुंतवणूक होती. शेअर बाजारातल्या पहिल्या १००० कंपन्यांना दरवर्षी द्यावा लागणारा जबाबदारी अहवालही (बीआरएसआर) वाचा. त्यात मानवी हक्कांचं पाचवं आणि पर्यावरणाचं सहावं तत्त्व पाहा, आणि तिथे ‘तक्रारी शून्य’ लिहिलं असेल तर तुमच्या पोचेची प्रत सोबत जोडा.

सातवं काम : मुदती भिंतीवर लावा

हरित न्यायाधिकरणाच्या पुणे पीठात पर्यावरणाचा वाद सहा महिन्यांत न्यावा लागतो, भरपाई पाच वर्षांत. दोन्हीला योग्य कारण असेल तर ६० दिवस वाढीव. मंजुरीविरुद्ध अपील ३० दिवस, वाढीव ६०, त्यापुढे काही नाही. बहुतेक प्रकरणं इथे मरतात : वर्षभर निवेदनं देत फिरायचं आणि मुदत संपली की वकील गाठायचा. निवेदनाने मुदत थांबत नाही. भरपाई न मागणाऱ्या अर्जाला शुल्क १००० रुपये. वन्यजीव संरक्षण कायदा या न्यायाधिकरणाच्या यादीत नाही, म्हणून नुसता माळढोकाचा मुद्दा घेऊन तिथे जाऊ नका.

अनुच्छेद २२६ खालच्या रिटसाठी (हक्कभंगाविरुद्ध थेट उच्च न्यायालयात करायच्या अर्जासाठी) आता मुंबई गाठायची गरज नाही; उच्च न्यायालयाचं कोल्हापूर सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ पासून सुरू आहे आणि सोलापूर त्याच्या कक्षेत येतं. मानवी हक्क आयोगाकडे एक वर्षाच्या आत, मराठीत, विनाशुल्क. तो शिफारस करतो, हुकूम देत नाही. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. १९८७ च्या कायद्याच्या कलम १२ मध्ये स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती, कामगार यांच्यासोबत पूर आणि दुष्काळाचे पीडितही मोफत मदतीला पात्र आहेत. सीनाकाठच्या शेतकऱ्याला ही ओळ कुणी सांगत नाही.

मंजुरी मिळालेल्या प्रकल्पाला अटी पाळल्याचा अहवाल वर्षातून दोनदा द्यावा लागतो, १ जून आणि १ डिसेंबरला. कॅलेंडरवर त्या दोन तारखांना खूण करा आणि परिवेश या केंद्र सरकारच्या पर्यावरण मंजुऱ्यांच्या संकेतस्थळावर अहवाल शोधा. दिसला नाही, तर दुसऱ्या दिवशी १० रुपयांचा अर्ज.